शिंदीखाना
निजामी राजवटीत नांदेड-लातूरसह मराठवाड्यात शिंदी विकण्याची व पिण्याची परवानाधारक जागा. संध्याकाळी शिंदीच्या झाडाच्या शेंड्याजवळ खाच पाडून मडके बांधत; रात्रभर झिरपलेली गोड नीरा पहाटे उतरवत. ऊन चढले की ती फसफसून आंबे आणि गिऱ्हाईक जमे. या झाडाखाली बसून दूध प्यायले तरी शिंदीचाच बोभाटा होतो, असे लोक म्हणत. शिंदीसारख्या मादक पेयांवरची अबकारी हे निजाम सरकारचे मोठे उत्पन्न. म्हणूनच १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहींनी शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाड चालवली. निजामसमर्थक रझाकारांच्या बंदुकांपुढे हा मार्ग भाबडा वाटेल, पण घाव थेट खजिन्यावर होता. पिणाऱ्यांना तो कितपत रुचला, हा भाग वेगळा.