क्रिप्टो वॉलेटची प्रवेशसुरक्षा

इंटरनेटवरून वापरल्या जाणाऱ्या क्रिप्टो चलनाच्या वॉलेटमध्ये मालकाखेरीज दुसऱ्या कोणाला शिरता येऊ नये, म्हणून योजलेले तांत्रिक आणि व्यावहारिक उपाय. बँकेतून चोरीला गेलेली रक्कम वेळीच तक्रार केल्यास काही वेळा गोठवता येते. बिटकॉइनमध्ये ती सोय नाही. २००९च्या जानेवारीत त्याच्या व्यवहारनोंदींची साखळी (ब्लॉकचेन) सुरू झाली तीच मुळी मध्यस्थ वगळण्यासाठी, त्यामुळे साखळीत पक्का झालेला व्यवहार मागे फिरवण्याचा अधिकार कोणाकडेच नाही. चोर आत शिरल्यानंतर फार थोडे हाती उरते. म्हणून या विषयात सारा भर दारावरच्या पहाऱ्यावर असतो.

‘वॉलेट’ हा शब्द थोडा फसवा आहे. त्यात नाणी नसतात. त्यात एक खासगी किल्ली असते, म्हणजे २५६ बिटांची एक प्रचंड संख्या, आणि ती ज्याच्या हाती त्याला नाणी खर्च करता येतात. ही किल्ली कोणाकडे राहते यावरून ऑनलाइन वॉलेटचे दोन प्रकार पडतात. पहिल्यात किल्ली एक्स्चेंजकडे, म्हणजे चलनाची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, असते आणि ग्राहकाकडे फक्त खाते, ईमेल व पासवर्ड. दुसऱ्यात किल्ली ग्राहकाच्याच पासवर्डने कुलूपबंद होऊन फोनमध्ये, ब्राउझरमध्ये किंवा सेवेच्या सर्व्हरवर राहते आणि तो पासवर्ड कंपनीलाही ठाऊक नसतो. या दुसऱ्या प्रकारात किल्ली पुन्हा मिळवण्यासाठी १२ किंवा २४ शब्दांची ओळ दिली जाते. तिला सीड फ्रेज म्हणतात. बीआयपी-३९ या प्रमाणानुसार हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून येतात. बहुतेक वॉलेट इंग्रजी यादी वापरतात आणि प्रमाणातील याद्यांमध्ये एकही भारतीय भाषा नाही. त्यामुळे हे शब्द देवनागरीत उतरवून ठेवू नयेत. रोमन अक्षरांत, दिलेल्या स्पेलिंगसह आणि त्याच क्रमाने कागदावर लिहावेत. ज्याला ही ओळ मिळाली त्याला लॉगिन करण्याची गरजच उरत नाही, पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही बाजूला राहतात. म्हणून तिचा फोटो काढणे, ती ईमेलच्या मसुद्यात ठेवणे किंवा कोणत्याही संकेतस्थळावर ‘पडताळणीसाठी’ भरणे म्हणजे वॉलेटच दुसऱ्याच्या हाती देणे होय.

पासवर्डच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका पुनर्वापराचा आहे. एका ठिकाणाहून फुटलेली ईमेल-पासवर्डची जोडी यंत्राने शेकडो ठिकाणी लावून पाहिली जाते. जून २०११ मध्ये टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजमधील सुमारे ६० हजार वापरकर्त्यांची माहिती बाहेर पडली, तेव्हा दुसऱ्या वॉलेटसेवेत तोच पासवर्ड ठेवणाऱ्यांनाही फटका बसला. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या प्रमाणसंस्थेने २०१७ मध्ये पासवर्डविषयीचे आपले जुने मार्गदर्शन बदलले. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, लांबीला महत्त्व द्यावे आणि फुटलेल्या याद्यांमधील पासवर्ड नाकारावा, असे ती संस्था सांगते. लांब आणि वेगवेगळे पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून पासवर्ड मॅनेजर वापरणे योग्य. सीड फ्रेज मात्र त्यातही ठेवू नये. २०२२ मध्ये लास्टपास या सेवेतून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या आणि ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा होता त्यांच्या तिजोऱ्या सवडीने फोडण्याची संधी चोरांना मिळाली.

पासवर्डच्या जोडीला दुसरा पुरावा मागणे हा यानंतरचा पहारा. भारतात ओटीपी म्हटले की एसएमएस डोळ्यांसमोर येतो, पण वॉलेटसाठी हाच सर्वांत दुबळा मार्ग आहे. चोर मोबाइल कंपनीला ‘सिम हरवले’ असे पटवतो किंवा आतल्या माणसाला फितवतो आणि नंबर आपल्या सिमवर घेतो. त्यानंतरचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील एका गुंतवणूकदाराचे सुमारे २.४ कोटी डॉलरचे चलन याच मार्गाने गेले. २०२१ मध्ये मार्च ते मे या काळात कॉइनबेस या एक्स्चेंजच्या किमान सहा हजार ग्राहकांची खाती लुटली गेली. चोरांकडे ईमेल, पासवर्ड आणि फोन नंबर आधीच होते, आणि एसएमएसने खाते परत मिळवण्याच्या प्रक्रियेतील एका दोषाने उरलेले काम केले. भारतात १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, पण त्याच कंपनीतील सिमबदलाचा धोका या नियमाने संपत नाही. फोनचे नेटवर्क कारण नसताना गेले आणि परत येईना, तर नंबर दुसऱ्याच्या सिमवर गेल्याची शंका तत्काळ घ्यावी.

ऑथेंटिकेटर ॲप याहून बरे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६२३८ या प्रमाणानुसार ॲप एक गुप्त संख्या आणि घड्याळातील वेळ यांवरून साधारण दर ३० सेकंदांनी नवा सहा अंकी कोड काढते. त्यात मोबाइल कंपनीचा संबंध नसतो. तरीही बनावट पानावर हा कोड भरला, तर चोर त्याच क्षणी तो खऱ्या पानावर वापरू शकतो. ही पळवाट बंद करते ती हार्डवेअर सुरक्षा-किल्ली किंवा पासकी. २०१९ मध्ये त्यांच्यासाठीचे वेबऑथन हे प्रमाण मान्य झाले. त्यात किल्लीची जोडी विशिष्ट संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे एका अक्षराने वेगळ्या असलेल्या नकली पत्त्याला उत्तरच मिळत नाही. माणसाचा डोळा फसला तरी किल्ली फसत नाही. शक्य असेल तेथे हाच उपाय निवडावा आणि दुसरी किल्ली वेगळ्या जागी राखून ठेवावी.

खात्याची खरी ताकद त्याच्या सर्वांत सैल वाटेइतकीच असते आणि ती वाट बहुधा ईमेलमधून जाते. नव्या उपकरणावरून प्रवेश झाल्यास अनेक सेवा ईमेलवर मंजुरीची लिंक पाठवतात. पासवर्ड विसरल्यावर येणारी लिंकही तेथेच येते. मग वॉलेटला दहा कुलपे आणि ईमेलला एकच जुना पासवर्ड, या व्यवस्थेला अर्थ राहत नाही. वॉलेटसाठी वेगळा, इतरत्र न दिलेला ईमेल पत्ता ठेवावा आणि त्यालाही पासकी लावावी.

‘आपल्या खात्यात प्रवेशाचा प्रयत्न झाला’ ही सूचना नीट वाचायला हवी. प्रयत्न फसल्याची सूचना आली, तर कोणाला तरी ईमेल किंवा वॉलेट क्रमांक ठाऊक आहे इतकेच कळते. पासवर्ड बरोबर दिल्यावरच जो कोड येतो, तो न मागता आला, तर मात्र पासवर्ड फुटला आहे. तिसरी शक्यता सर्वांत घातक : सूचनाच खोटी असते आणि तिच्यातील लिंक नकली पानावर नेते. म्हणून सूचनेतील लिंक न उघडता पत्ता स्वतः टाइप करून खाते पाहावे. काही एक्स्चेंज ग्राहकाला स्वतःचा एक सांकेतिक शब्द निवडू देतात. तो शब्द नसलेले पत्र त्या कंपनीचे नाही असे समजावे. फोनवर नाव, पत्ता, व्यवहार बरोबर सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नये. मे २०२५ मध्ये कॉइनबेसने जाहीर केले, की परदेशांतील काही मदतकर्मचाऱ्यांना लाच देऊन ग्राहकांची अशीच माहिती काढली गेली होती.

चोर आत शिरलाच, तर वेळ मिळवून देणारे उपाय उपयोगी पडतात. पैसे फक्त आधी नोंदवलेल्या पत्त्यांवरच जातील असे बंधन घालता येते, आणि नवा पत्ता नोंदवल्यावर किंवा पासवर्ड बदलल्यावर काही काळ रक्कम काढू न देण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. चोरलेल्या सेशन कुकीने, म्हणजे लॉगिन चालू असल्याची ब्राउझरमधील खूण वापरून, पासवर्ड न देताही प्रवेश होतो, त्यामुळे संगणकावर चोरटी सॉफ्टवेअर चढवू न देणे हाही प्रवेशसुरक्षेचाच भाग ठरतो.

ग्राहकाने सारे काही चोख केले तरी किल्ली कंपनीकडे असेल, तर धोका उरतोच. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक मूल्याचे चलन गेले. ग्राहकांच्या लॉगिनचा त्यात संबंध नव्हता. मोठी रक्कम दीर्घकाळ ठेवायची असल्यास ती इंटरनेटपासून तुटलेल्या हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवतात ती याचसाठी.

घुसखोरी झाल्यास आधी ईमेल ताब्यात घ्यावे, मग सर्व सेशन बंद करून पासवर्ड बदलावा आणि एक्स्चेंजला खाते गोठवायला सांगावे. सीड फ्रेज फुटली असेल, तर पासवर्ड बदलून काहीही साधत नाही. उरलेले चलन नव्या सीडच्या वॉलेटमध्ये लगेच हलवावे लागते. भारतात १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-क नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ मधील आदेशानुसार क्रिप्टो सेवांना ग्राहकांची ओळख आणि व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात. तक्रारीसोबत व्यवहाराचा हॅश (त्याची साखळीतील ओळखखूण), संबंधित पत्ते आणि आलेल्या सूचनांच्या मूळ प्रती जोडल्यास तपास यंत्रणेला या नोंदींपर्यंत पोहोचणे सोपे जाते.