टपालवाल्याच्या पिशवीतला फोन

गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न वरचेवर निघतो. गटाच्या कामासाठी हॉटस्पॉटची वेगळी डबी घ्यावी, की कुणाच्या तरी फोनवरून नेट घेऊन भागवावं? प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्यामागे चाळीस वर्षांची गोष्ट आहे. ती ऐकली की प्रश्नही थोडा वेगळा दिसायला लागतो. म्हणून आज आधी गोष्ट आणि मग डबी.

आपला जिवती तालुका डोंगरावरचा. माणिकगडाच्या या रांगा पूर्वी निजामाच्या हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होत्या. भाषावार प्रांत झाले तेव्हा, १९५६ मध्ये, राजुरा तालुका तिकडून निघून नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. जिवती पुढे त्याच राजुऱ्यातून वेगळा तालुका झाला. इथे कोलाम आणि गोंड आधीपासून होतेच. मराठवाड्यातल्या दुष्काळांनी, विशेषतः १९७२ च्या, नांदेड-परभणीकडची कितीतरी कुटुंबं पोटासाठी वर चढून आली. त्यामुळे आपल्याकडे माहेर एका टोकाला आणि सासर दुसऱ्या टोकाला, मध्ये घाट आणि जंगल. निरोप पोचवणं हे इथे नेहमीच कष्टाचं काम राहिलं. माणूस गेल्याचा निरोपसुद्धा कधी कधी माती झाल्यावर पोचायचा.

फोन खेड्यात यायला लागला तो १९८० नंतर. त्याआधी फोन म्हणजे तालुक्याचं पोस्ट, ट्रंक कॉल आणि तासन् तास वाट पाहणं. १९८४ मध्ये सरकारने सी-डॉट नावाची संस्था काढली. सॅम पित्रोदा हे तिच्यामागचं मुख्य नाव. या संस्थेने खेड्यासाठी १२८ लाइनींचं एक लहान एक्स्चेंज बनवलं. त्याची खुबी अशी की त्याला थंड खोली लागत नव्हती. धूळ, उकाडा, जाणारी-येणारी लाइट, सगळं ते सोसायचं. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते पहिल्यांदा बसलं. परदेशी मोठी एक्स्चेंजं एसीशिवाय चालत नसत, त्यामुळे खेड्याला फोन द्यायचा म्हटलं की अधिकारी हात वर करत. ती सबब या लहानशा पेटीने काढून घेतली.

त्यातून आले पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या बायांना ते लाल आकडे पळणारं मीटर आठवत असेल. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून लोक जेवून-खाऊन रांगेत उभे राहायचे. कितीतरी बूथ अपंग माणसांना आणि विधवा बायांना चालवायला मिळाले होते. अख्ख्या गावाला एक फोन, पण तो चालवणाऱ्याला प्रत्येक कॉलमागे चार पैसे सुटत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचं आहे.

३१ जुलै १९९५ ला भारतात मोबाइलवरून पहिला कॉल झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्टला, सामान्य लोकांसाठी इंटरनेटही सुरू झालं. पण बोलायला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत आणि आलेला फोन उचलायचेही पैसे लागत. ती चैन शहरातल्या पैसेवाल्यांची. डोंगराला तिचा काय उपयोग?

आता खरी गंमत. २००२ च्या अखेरीस बीएसएनएल आणि पोस्ट खात्याने मिळून ‘ग्रामीण संचार सेवक’ नावाची योजना काढली. टपालवाल्याच्या पिशवीत पत्रांबरोबर एक बिनतारी फोन दिला. तो पायी किंवा सायकलवर दारात यायचा. तुम्ही फोन करायचा, पैसे त्याच्या हातात द्यायचे, त्याला त्यावर कमिशन. फोन गावात येत नव्हता म्हणून माणूसच फोन घेऊन फिरू लागला. योजना फार पसरली नाही. हातोहाती मोबाइल आले आणि ती मागे पडली. पण फिरत्या जोडणीची ही कल्पना मला आजही त्या काळातली सर्वात शहाणी कल्पना वाटते.

तिकडे बांगलादेशात हेच काम १९९७ पासून बाया करत होत्या. ग्रामीण बँकेकडून कर्ज घ्यायचं, मोबाइल घ्यायचा आणि गावाला मिनिटाच्या हिशेबाने बोलायला द्यायचा. बचत गटाची बाई ती, तुमच्या-माझ्यासारखी. ‘फोनवाली बाई’ म्हणून तिचा गावात मान वाढला. धान्याचा भाव विचारायला पुरुषही तिच्या अंगणात यायचे. घरोघरी फोन झाले तेव्हा तिचा धंदा बसला, तेही खरं. पण तोवर कर्ज फिटून चार पैसे गाठीला लागलेल्या बायाही बऱ्याच होत्या.

एका फोनमधलं इंटरनेट दुसऱ्या फोनला देता येणं ही त्यानंतरची गोष्ट. सुरुवातीला लोक साध्या मोबाइलला डेटा केबल लावून कॉम्प्युटरवर नेट चालवायचे. मुंगीच्या पावलाने एकेक पान उघडायचं. मग डोंगल आले, पेन ड्राइव्हसारखे कॉम्प्युटरला खोचायचे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या नोव्हाटेल नावाच्या कंपनीने मायफाय नावाची खिशातली डबी काढली. आत सिम, आत बॅटरी, आणि भोवतालच्या चार-पाच जणांना नेट. लगेच पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, अँड्रॉइड फोनमध्येच हॉटस्पॉटची सोय आली. डबीचं काम फोनच करू लागला. अमेरिकेत कंपन्या या वाटून घेण्याचे वेगळे पैसे मागत. आपण पैसे भरून घेतलेला डेटा आपल्याच दुसऱ्या यंत्राला द्यायचा, तरी त्याचे निराळे पैसे! २०१२ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाच्या चौकशीनंतर व्हेरायझन या बड्या कंपनीला अशी अडवणूक थांबवावी लागली आणि साडेबारा लाख डॉलरही भरावे लागले.

जाता जाता एका बाईचं नाव सांगते. हेडी लमार ही हॉलिवूडची नटी. दुसऱ्या महायुद्धात तिने जॉर्ज अँथील या संगीतकाराबरोबर एक युक्ती शोधली. शत्रूला संदेश अडवता येऊ नये म्हणून लहरी सारख्या जागा बदलत राहतील अशी. १९४२ मध्ये तिला पेटंट मिळालं, पण नौदलाने तेव्हा ते बाजूला ठेवलं. सुंदर नटीला यंत्रातलं काय कळतंय, असंच वाटलं असेल. आज तुमच्या फोनमधलं ब्लूटूथ जागा बदलत राहण्याच्या त्याच तत्त्वावर चालतं.

आपल्या डोंगरावर इंटरनेट खऱ्या अर्थाने चढलं ते ५ सप्टेंबर २०१६ नंतर. त्या दिवशी जिओ सुरू झालं आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत सगळं फुकट होतं. त्याआधी एक जीबी डेटा अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचा. आणखी एक बदल आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना जास्त जाणवला, तो रोमिंगचा. महाराष्ट्र आणि तेलंगणा अशा दोन्ही राज्यांचा दावा असलेली चौदा गावं याच तालुक्यात आहेत. रेशन दोन्हीकडचं, मतदान दोन्हीकडचं. पण फोनने पलीकडचा टावर पकडला की रोमिंगचे पैसे मात्र कापले जायचे. जिओने रोमिंगचे वेगळे पैसे ठेवले नाहीत, मग बाकीच्यांनीही ते सोडून दिले. राज्यांचा वाद मिटला नाही, रोमिंगचा मिटला.

गूगल आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१५ मध्ये ‘इंटरनेट साथी’ सुरू केलं, तेही याच वाटेवरचं. शिकवून तयार केलेली गावातली बाई सायकलवर फोन आणि टॅब घेऊन फिरायची आणि दुसऱ्या बायांना नेट दाखवायची. तिला त्याचं मानधन होतं.

म्हणजे बघा. बूथवाल्याला कॉलमागे पैसे होते. टपालवाल्याला कमिशन होतं. बांगलादेशच्या बाईला नफा होता, साथीला मानधन होतं. आणि आज? २०२४ मध्ये लाडकी बहीणचे फॉर्म नारीशक्ती दूत ॲपवर भरले गेले, तेव्हा गावोगाव कुणाच्या फोनचं नेट वापरलं गेलं? गटाची माहिती ऑनलाइन चढवायची, व्हिडिओवर प्रशिक्षण घ्यायचं, मुलाचा निकाल बघायचा, कुणाचं आधार जोडायचं, की ‘ताई, जरा हॉटस्पॉट चालू कर ना’. ती ताई बहुतेक वेळा सीआरपी असते, बँक सखी असते, नाहीतर गटातली एखादी शिकलेली सून. रिचार्ज तिच्या घरातला. दिवसाचा दीड-दोन जीबी दुपारीच संपतो आणि रात्री तिच्या पोराला अभ्यासाला नेट उरत नाही. वाटणं इतकं सोपं झालं की ते कुणीतरी भरतंय हेच दिसेनासं झालं.

आता निवड. पहिली गोष्ट, डबी असो की फोन, रेंज कुणीच तयार करत नाही. टावर पोचत असेल तिथलीच रेंज ती पुढे वाटते. त्यामुळे विकत घेण्याआधी शाखेच्या जागेवर, बैठक भरते त्या देवळात किंवा अंगणवाडीत, दोन-तीन कंपन्यांची सिमं एकाच फोनमध्ये घालून पाहा. आपल्याकडे एका खोऱ्यात एक कंपनी चालते आणि टेकडी ओलांडली की दुसरी. म्हणून गुड्या-पाड्यांवर फिरणाऱ्या सीआरपीला मी फोनच सांगेन. दोन सिमं घालता येतात, इथे एक नाही तर दुसरं. डबीत एकच सिम बसतं, आणि जिओची डबी जिओच्याच सिमवर, तीही फोरजी असेल तरच चालते.

ग्रामसंघाची जागा ठरलेली असेल आणि तिथे एका कंपनीची रेंज पक्की असेल, तर मात्र डबी बरी. फोन आला म्हणून काम थांबत नाही. कुणाचा खाजगी फोन टेबलावर अडकून पडत नाही. रेंज फक्त खिडकीत असेल तर डबी खिडकीत ठेवायची आणि बायांनी आत सावलीत बसायचं. सगळ्यात मोठं म्हणजे सिम आणि रिचार्ज दोन्ही वेगळे राहतात, हिशेब दिसतो.

फोनवरूनच द्यायचं ठरलं तर वायफाय हॉटस्पॉटने बॅटरी झपाट्याने उतरते आणि फोन तापतो. लॅपटॉप असेल तर चार्जिंगची केबल लावून नेट द्या. फोन त्याच केबलवर चार्जही होत राहतो. ब्लूटूथने नेट हळू मिळतं, पण बॅटरी कमी खर्च होते, आणि साध्या फॉर्मला तेवढं पुरतं. एक सापळा बहुतेकींना माहीत नसतो. हॉटस्पॉट घेणाऱ्या फोनला वाटतं की आपण घरच्या वायफायवर आहोत, मग तो गुपचूप ॲपचे अपडेट आणि व्हॉट्सॲपचे व्हिडिओ उतरवत बसतो. फॉर्म एक भरला आणि अर्धा जीबी गेला, असं होतं ते यामुळे. सेटिंगमध्ये डेटाची मर्यादा लावता येते, आणि काम झालं की हॉटस्पॉट बंद करायचा. पासवर्ड ठेवायचाच. तुमच्या सिमवरून जे होतं ते तुमच्या नावावर लागतं. आणि नेट दिलं म्हणून ओटीपी द्यायचा नसतो, तो ज्याचा त्याने पाहायचा.

राहिला पैशाचा प्रश्न. पुढच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत एक ठराव लिहा: गटाच्या कामासाठी अमुक ताईच्या फोनचं नेट वापरलं जातं, त्यापोटी दर महिन्याला एवढे रुपये गटाच्या खर्चातून. रक्कम तुम्ही ठरवा. गटाबाहेरचा कुणी फॉर्म भरून घ्यायला आला तर त्याच्याकडून किती घ्यायचे, तेही त्याच ओळीखाली लिहा, आणि खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या.