सत्ता, श्रद्धा आणि सदसद्विवेक : धन्यवादित फ्रान्झ येगरश्टेटर यांची साक्ष

राजकीय वादळाच्या काळात श्रद्धावंताने कोणाचे ऐकावे, हा प्रश्न ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास सांगतात. संत पेत्रही आपल्या पहिल्या पत्रात (२:१३-१७) राजाचा मान राखण्याचा उपदेश करतात. मात्र यरुशलेमच्या न्यायसभेपुढे उभे राहिल्यावर, देवाची आणि माणसांची आज्ञा यांत विरोध येईल तेव्हा आपण देवाचेच ऐकू, अशी ग्वाही तेच पेत्र देतात (प्रेषितांची कृत्ये ५:२९). या शिकवणुकीचा मेळ कसा घालावा? ऑस्ट्रियातील एका शेतकऱ्याने या प्रश्नाचे उत्तर प्राणांचे मोल देऊन दिले.

शेतकरी आणि चर्चचा सेवक

फ्रान्झ येगरश्टेटर यांचा जन्म २० मे १९०७ रोजी लिंझ धर्मप्रांतातील सेंट राडेगुंड या खेड्यात झाला. तरुणपणी ते काहीसे उनाड होते. गावातील पहिली मोटारसायकल त्यांचीच. १९३३ साली विवाहाबाहेर त्यांना एक मुलगी झाली. ९ एप्रिल १९३६ रोजी, पवित्र गुरुवारी, फ्रान्झिस्का यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांच्या जीवनास नवी दिशा लाभली. पतिपत्नी एकत्र प्रार्थना करीत, पवित्र शास्त्र वाचीत. त्यांना तीन कन्या झाल्या. १९४१ साली फ्रान्झ यांनी गावच्या चर्चमध्ये वेदीच्या सेवेची जबाबदारी स्वीकारली.

एकट्याचा नकार

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला. त्याआधी जानेवारीत फ्रान्झ यांना एक स्वप्न पडले होते. एका सुंदर आगगाडीत चढण्यासाठी लहानथोरांची झुंबड उडाली होती आणि ती गाडी नरकाकडे निघाल्याचे कोणीतरी सांगत होते. ती गाडी म्हणजे नाझीवाद, असा अर्थ त्यांनी लावला. १० एप्रिल १९३८ रोजी सार्वमत झाले. ऑस्ट्रियाच्या बिशपांनीही विलीनीकरणाच्या बाजूने आवाहन केले होते. तरीही फ्रान्झ यांनी विरोधात मत दिले. गावात असे करणारे ते एकटेच होते.

१९४० साली त्यांना सैन्यात बोलावण्यात आले. एप्रिल १९४१ मध्ये शेतीच्या कामासाठी ते घरी परतले. यापुढे या अन्याय्य युद्धात भाग घ्यायचा नाही, असा निश्चय हळूहळू पक्का होत गेला. हा निश्चय त्यांनी हट्टाने केला नाही. त्यांनी धर्मगुरूंना विचारले, लिंझच्या बिशपांची भेट घेतली. कुटुंबाची जबाबदारी लक्षात घ्यावी, युद्धाच्या न्याय्यतेचा निर्णय सामान्य नागरिकाने करू नये, असा सल्ला त्यांना मिळाला. फ्रान्झ यांनी तो आदराने ऐकला. परंतु आपल्या सदसद्विवेकबुद्धीचे उत्तर देवापुढे आपल्यालाच द्यावे लागेल, ही जाणीव त्यांना सोडीना. फ्रान्झिस्का यांनी प्रथम त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. नंतर मात्र त्या पतीच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिल्या.

मार्च १९४३ मध्ये एन्स येथे त्यांनी शस्त्र हाती घेण्यास नकार दिला, मात्र जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी दाखविली. ६ जुलै १९४३ रोजी बर्लिनच्या लष्करी न्यायालयाने त्यांना देहदंड सुनावला. फ्रान्झ राइनिश या ऑस्ट्रियन धर्मगुरूंनीही असाच नकार देऊन १९४२ साली मरण पत्करले होते, हे तुरुंगातील धर्मगुरूंकडून कळल्यावर त्यांना मोठा धीर आला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्यांचा शिरच्छेद करण्यात आला.

विस्मृतीतून वेदीकडे

युद्धानंतरही गावातील अनेकांना त्यांचे बलिदान समजले नाही. फ्रान्झिस्का यांना १९५० सालापर्यंत निवृत्तिवेतनही मिळाले नाही. १९६४ साली गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे आपल्या मुंबईशी निगडित असलेला एक दुवा आहे. १९३७ ते १९५० या काळात मुंबईचे आर्चबिशप असलेले थॉमस रॉबर्ट्स यांनी १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढील आपल्या निवेदनात फ्रान्झ यांचा दाखला दिला. विवेकाच्या कारणास्तव शस्त्र नाकारणाऱ्यांना कायद्याने माणुसकीची वागणूक द्यावी, असे परिषदेच्या ‘गौदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात नमूद आहे (क्र. ७९). १९९७ साली बर्लिनच्या न्यायालयाने फ्रान्झ यांची शिक्षा रद्द ठरविली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझ येथे त्यांना रक्तसाक्षी म्हणून धन्यवादित घोषित करण्यात आले. त्या सोहळ्याला ९४ वर्षांच्या फ्रान्झिस्का उपस्थित होत्या. फ्रान्झ यांचा सण २१ मे रोजी असतो.

आपल्यासाठी बोध

पवित्र शास्त्रातील एखादेच वचन वेगळे काढून त्यावर राजकीय भूमिका उभारता येत नाही. संत पौल ज्या अधिकाराविषयी बोलतात, तो लोकांच्या भल्यासाठी देवाचा सेवक असतो (रोम १३:४). सत्ता जेव्हा निरपराधांचे रक्त मागते, तेव्हा ती आपली मर्यादा ओलांडते. कैसराच्या नाण्यावर कैसराची प्रतिमा होती (मार्क १२:१६-१७), मनुष्यावर मात्र देवाची प्रतिमा आहे (उत्पत्ती १:२७). म्हणून कर सरकारला द्यावा, विवेक देवाला. नैतिक नियमांच्या विरोधात जाणारी आज्ञा न पाळण्याचे बंधन नागरिकावर आहे, असे ख्रिस्तसभेची श्रद्धाशिकवण (क्र. २२४२) स्पष्ट करते.

मात्र आपल्या प्रत्येक मतास विवेकाचा आवाज म्हणणे योग्य नव्हे. फ्रान्झ यांनी शास्त्र वाचले, प्रार्थना केली, वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला आणि त्यानंतरच निर्णय केला. युद्धावर गेलेल्या शेजाऱ्यांचा त्यांनी द्वेष केला नाही. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञाही आपल्याला आहे (१ तीमथ्य २:१-२). अफवा आणि द्वेष यांचा गलबला वाढतो, तेव्हा घराघरांत पवित्र शास्त्र उघडले जावे आणि त्यातून घडलेला विवेक मतदानाच्या दिवशी, गावच्या सभेत व शेजाऱ्याशी वागताना दिसून यावा. सर्वांनाच रक्तसाक्षी व्हावे लागत नाही. परंतु गर्दी ज्या गाडीत चढत आहे ती कोठे निघाली आहे, हे विचारण्याचे धैर्य प्रत्येक श्रद्धावंताने प्रभूकडे मागावे.