देवी, कारखाना आणि मुलगी

ढोकी म्हटलं की बाहेरच्या लोकांना तेरणा साखर कारखाना आठवतो. माझं गाव तेच. तर मंडळी, आज एक विचित्र प्रश्न: हा कारखाना 'व्यक्ती' आहे का?

कायद्याच्या लेखी आहे! महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३६ प्रमाणे नोंदणी झाली की संस्था स्वतःच्या नावाने जमीन घेऊ शकते, करार करू शकते, कोर्टात भांडू शकते. सभासद आले-गेले, संचालक बदलले, तरी संस्था तीच. आपल्या भाषेत सांगायचं तर तिचं स्वतःचं अकाउंट असतं.

देवाचंही तसंच. १९२५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मल्लिक खटल्यात देवाची मूर्ती ही कायदेशीर व्यक्ती असल्याचं मान्य केलं. देवस्थान इनामाच्या जमिनीत मालक देव, पुजारी नव्हे. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलं. तुळजाभवानी तर आमच्याच जिल्ह्यातली. देवी काही तलाठ्याकडे खेटे घालत नाही, तिच्या वतीने दुसरं कोणी सही करतं. पण हक्क तिचा.

आता घरातल्या मुलीकडे या.

स्त्रीधन तिचं होतं, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क फक्त मुलग्यांना. त्यांना सहदायाद म्हणतात. १९३७ मध्ये मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने विधवेला नवऱ्याच्या वाट्यात हक्क देणारा कायदा झाला. पण तो हयातीपुरता. वापरा, पण मनासारखं विकता येणार नाही. म्हणजे जवळजवळ 'रीड ओन्ली'! शिवाय तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. उस्मानाबाद (आता धाराशिव) तेव्हा निजामाच्या राज्यात.

पुढे आंबेडकरांनी हिंदू कोड बिल आणलं. ते रखडलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागे हे एक मोठं कारण होतं. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला, त्याने बाईची मालकी पूर्ण केली. पण सहदायादांची यादी पुरुषांचीच राहिली.

याचा अर्थ काय, ते गणिताने पाहू. वडिलोपार्जित १८ एकर, आई आधीच वारलेली, दोन भाऊ आणि एक बहीण. वडील मृत्युपत्र न करता गेले. आधी तीन पुरुषांचे सहा-सहा एकर धरायचे. मग वडिलांचे सहा तिघा मुलांत वाटायचे. भावांना आठ-आठ एकर, बहिणीला दोन.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला सहदायाद केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तोही भेद गेला. त्यानंतर वाद पडला, त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का? विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, गरज नाही. हक्क जन्माने आहे. आता आपल्या उदाहरणात प्रत्येकाला सहा एकर. (मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तशाच राहतात.)

मधल्या काळात कायद्याची वाट न बघताही काही घडलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं, आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली.

मग प्रश्न मिटला? छे. वडील गेल्यावर वारस नोंद होते, बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागतं, आणि थोड्याच दिवसांत तिला हक्कसोड पत्रावर सही करायला बोलावतात. "माहेर तुटेल" हे एक वाक्य पुरतं. साडी-चोळी होते, जेवण होतं, आणि कायद्याने इतक्या वर्षांनी दिलेलं एका सहीत परत जातं. बळजबरी सिद्ध करायची तर कठीणच, कारण सही तिचीच असते.

देवीच्या आणि कारखान्याच्या वतीने दुसरं कोणीतरी सही करतं, तरी त्यांना कोणी "तुला माहेर हवंय ना?" असं विचारत नाही. हा प्रश्न फक्त हाडामांसाच्या व्यक्तीला विचारता येतो.

आमच्या घरी हा कागद कधी तरी निघेलच. ताईला मी आत्ताच सांगून ठेवलंय, सही करायची नाही. जमीन कमी आली तर येऊ दे, दिवाळीला ये म्हणजे झालं.