जीपची पाच भोकांची रिम

विलीज-ओव्हरलँड या अमेरिकी कंपनीने १९४१ साली लष्करासाठी जी जीप बांधायला घेतली, तिचे चाक पाच बोल्टांवर बसत असे. हे बोल्ट साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर मांडलेले होते. रिम १६ इंची, टायर ६.००-१६. फोर्डने त्याच आराखड्यावर बांधलेल्या जीपलाही हेच माप होते. हे वर्तुळ पुढे भारतात कित्येक दशके टिकले आणि जुन्या जीपला स्वस्तात चाके मिळत राहिली ती मुख्यतः त्यामुळेच.

युद्धातली रिम मात्र नागरी वापराला सोयीची नव्हती. तिचे दोन भाग आठ नटांनी जोडलेले असत. पंक्चर झालेला टायर रिमवरून निसटू नये आणि गाडी तशीच पुढे काढता यावी, म्हणून ही योजना. टायर उतरवताना आधी हवा पूर्ण सोडायची आणि मगच या नटांना पान्हा लावायचा. क्रम चुकला तर रिमचा सुटा भाग हवेच्या दाबाने उसळून जीवघेणी इजा करतो. त्यात चाक हबला धरणाऱ्या नटांचे आटे डाव्या बाजूला उलटे. सवय नसलेला माणूस नट सोडवतोय असे समजून आवळत बसे आणि शेवटी बोल्टच तोडून मोकळा होई.

१९४५ मध्ये सुरू झालेली महिंद्र कंपनी मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी करू लागली. पुढे जीप इथेच बनू लागली. पोलीस, वनखाते, पाटबंधारे अशा सरकारी खात्यांत ती वर्षानुवर्षे राबली. गाडीचा पत्रा सडतो, इंजिन बसते, पण जाड पोलादी रिम सहसा शाबूत राहते. त्यामुळे मोडीत निघालेल्या जीपच्या रिमा कुर्ल्यासारख्या भंगारबाजारांतून पुन्हा रस्त्यावर येत गेल्या.

१९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीच्या बोल्टांच्या वर्तुळाचे मापही योगायोगाने हेच साडेपाच इंच होते. महिंद्रच्याच २००० च्या बोलेरोने आणि २०१० च्या थारनेही तेच पाळले. अमेरिकेत मात्र १९८६ च्या सुमारास आलेली जीप रँग्लर साडेचार इंची वर्तुळावर गेली. भारतातल्या जीपमालकाला परदेशी कॅटलॉगपेक्षा शेजारच्या गॅरेजातली बोलेरोची काढून ठेवलेली रिम जवळची वाटते, ती उगाच नव्हे.

तरीही पाच भोके जुळली म्हणजे चाक बसले असे होत नाही. एका भोकापासून लगतच्या नव्हे, तर एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंतचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर सुमारे १३३ मिलिमीटर भरले, तर वर्तुळ साडेपाच इंचांचे. त्यानंतर रिमचे मधले छिद्र हबवरून जाते का, हे पाहावे लागते. विलीजचे बोल्ट अर्धा इंची, जिप्सीचे १२ मिलिमीटरचे. एकाचा नट दुसऱ्यावर जबरदस्तीने चढवणे धोक्याचे. रिम फार बाहेर आली की बेअरिंगवर ताण येतो. रुबाबासाठी रुंद अलॉय लावणाऱ्यांना हे बहुधा पहिल्या घाटात कळते. जुन्या रिव्हेटच्या रिममधून हवा झिरपते. तिच्यात ट्यूबच हवी.

टायरचे गणित वेगळे. ६.००-१६ हेच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे असल्याने तालुक्याच्या गावीही ते सहज मिळते. मात्र ट्रॅक्टरचा उभ्या कण्यांचा टायर शेतात वळण्यासाठी आणि कमी वेगासाठी असतो. महामार्गावर तो चालत नाही. जुने टायर रिमोल्ड करून घेण्याची पद्धतही रूढ होती, पण तिच्यात चारही टायरचा घेर सारखा राहतोच असे नाही. जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल नसते. फोर-व्हील घातल्यावर दोन्ही आस एकाच गतीने फिरतात आणि घेरात फरक असला तर पक्क्या रस्त्यावर ट्रान्सफर केसमध्ये पीळ भरतो. पैसे वाचवण्यासाठी दोनच टायर बदलणे म्हणूनच बहुतेकदा महागात पडे, आणि जाणते मालक स्टेपनी धरून पाचही टायर एकाच मापाचे घेत.