छावणी आणि शाळा

असिरियन म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते पंखवाले दगडी बैल, असुरबनिपालचं मातीच्या पाट्यांचं ग्रंथालय आणि इ.स.पू. ६१२मध्ये पडलेलं निनवे. पुस्तकातला धडा तिथेच संपतो. माणसं मात्र संपली नाहीत. आजचे असिरियन त्या प्राचीन लोकांशी आपलं नातं सांगतात, घरात अरामिकची एक बोली बोलतात, सिरियाक लिपीत लिहितात आणि पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती परंपरा पाळतात. त्यांच्यातल्या ‘चर्च ऑफ द ईस्ट’चा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या ग्रीक लेखकाने ‘कल्लियाना’त इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. ते कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात.

या लोकांची मायभूमी आज चार देशांत वाटली गेली आहे: तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया. गेल्या शंभर वर्षांत त्यांना मदत अनेकदा मिळाली. प्रश्न हा की ती मदत त्यांना घरी राहू देत होती, की घरापासून दूर नेत होती?

१९१५मध्ये ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांसोबत असिरियनांचीही कत्तल झाली. ते तिला ‘सैफो’ म्हणतात, म्हणजे तलवार. हक्कारीच्या डोंगरातले लोक इराणमधल्या उर्मियात पळाले. १९१८च्या उन्हाळ्यात उर्मियाही सोडावं लागलं. हजारोंचा तांडा हमादानच्या दिशेने निघाला. वाटेत भूक, हल्ले आणि कॉलरा होता. त्यांच्यासोबत चालणारे अमेरिकन मिशनरी विल्यम शेड त्याच वाटेवर कॉलऱ्याने गेले. जे वाचले त्यांना ब्रिटिशांनी बगदादजवळ बाकुबाच्या छावणीत तंबूंमध्ये ठेवलं. तिकडे अमेरिकेत १९१५मध्ये सुरू झालेली आणि पुढे ‘निअर ईस्ट रिलीफ’ या नावाने ओळखली गेलेली संस्था घरोघरी वर्गणी गोळा करत होती. १९३०पर्यंत तिने सुमारे ११ कोटी ६० लाख डॉलर जमवले आणि आर्मेनियन, ग्रीक, असिरियन अशा सव्वा लाखाहून जास्त अनाथ मुलांना सांभाळलं.

त्या मदतीने जीव वाचवले, यात शंका नाही. पण तंबू, धान्य आणि औषध यांनी हक्कारी परत मिळणार नव्हतं. १९२६च्या सीमाकरारात ते तुर्कस्तानातच राहिलं आणि डोंगरातल्या लोकांना परतीची वाट बंद झाली. इराक १९३२मध्ये स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९३३मध्ये, सिमेले आणि आसपासच्या गावांत इराकी सैन्याने असिरियनांना मारलं. त्यानंतर हजारो लोक सीरियात खाबुर नदीकाठी गेले. राष्ट्रसंघाच्या मदतीने तिथे नवी गावं वसली. म्हणजे पुन्हा तेच: माणसं वाचली, पण आणखी दूर गेली.

१९९१मध्ये हा क्रम थोडा बदलला. आखाती युद्धानंतर सद्दामच्या सैन्यापुढे उत्तर इराकमधून कुर्द आणि असिरियन डोंगरांकडे पळाले. त्याच वर्षी ‘असिरियन एड सोसायटी’ उभी राहिली, इराकमध्ये आणि अमेरिकेतही. सुरुवात अन्न आणि औषधांनीच झाली. मग कामाची दिशा वळली ती गावांकडे: मोडलेली घरं बांधणं, शेतीसाठी पाण्याचे पाट काढणं, दवाखाने चालवणं. सर्वांत चिवट काम होतं शाळांचं. कुर्दिस्तानच्या स्वायत्त भागात मातृभाषेतून शिकवायची मुभा मिळाली, पण गणित आणि विज्ञान सिरियाकमध्ये शिकवायला पुस्तकं कुठे होती? ती भाषांतरित करावी लागली, छापावी लागली. शिक्षक तयार करावे लागले, खेड्यातल्या मुलांना शाळेत आणायला गाड्या लावाव्या लागल्या. दुहोकमधल्या अशा एका शाळेचं नाव आहे निसिबिन. दीड हजार वर्षांपूर्वी सिरियाक विद्येचं मोठं केंद्र असलेल्या शहराचं हे नाव.

छावणी आणि शाळा यांत फरक हा. छावणीत माणूस पुढच्या प्रवासाची वाट बघतो. मुलाला शाळेत घालणारा मात्र निदान काही वर्षं इथेच राहायचं ठरवतो.

ऑगस्ट २०१४मध्ये हा निर्धार कसाला लागला. ‘इसिस’ने निनवेच्या मैदानातलं कराकोश घेतलं आणि गावंच्या गावं एका रात्रीत रिकामी झाली. डॉमिनिकन धर्मगुरू नजीब मिखाइल यांनी त्या गोंधळात जुनी हस्तलिखितं गाडीत भरून एर्बिलला नेली. माणसांसोबत कागदही निर्वासित झाले. फेब्रुवारी २०१५मध्ये खाबुरकाठच्या गावांवर हल्ला झाला, दोनशेहून जास्त माणसं ओलीस धरली गेली. १९३३मध्ये पळून आलेल्यांच्या नातवंडांना पुन्हा गाव सोडावं लागलं.

मग या शाळा वाया गेल्या का? आकडे बघितले तर तसं वाटू शकतं. २००३पूर्वी इराकमध्ये दहा लाखांहून जास्त ख्रिस्ती होते, आज बहुतेक अंदाज तीन लाखांच्या आतले आहेत. आणखी एक अवघड गोष्ट आहे. या शाळांना पैसे पाठवणारे अनेक जण शिकागोत, कॅलिफोर्नियात राहतात. स्वतः सोडलेल्या गावात दुसऱ्याने राहावं, म्हणून ते वर्गणी देतात. जोखीम मात्र राहणाऱ्याची असते. या व्यवहारात थोडा अपराधीपणाही मिसळला असावा.

तरीही मला ही वर्गणी फुकट वाटत नाही. वर्गणीने सीमा बदलत नाहीत, सैन्य थांबत नाही. ती एवढंच करू शकते, की ज्याला राहायचंय त्याच्या मुलाला आपल्या भाषेत गणित शिकता यावं. राहायचं की जायचं हे त्या घराने ठरवायचं. पण शाळाच नसेल, तर ठरवायला उरतं काय?