एक घर पुढे

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि आमच्या घरातला जुना पट पुन्हा बाहेर आला. नातीशी खेळताना चाळीस वर्षांपूर्वीचा एक डाव आठवला.

मोहाडीहून काही मुलांना मी भंडाऱ्याला शालेय स्पर्धेसाठी नेले होते. त्यातल्या एकाच्या समोरच्या मुलाने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सारले. आमच्या मुलाने घोडा काढला, दुसऱ्या खेळीत घोड्याच्या रांगेतले प्यादे एकच घर सारले आणि मोकळ्या झालेल्या घरात उंट बसवला. मी मनात म्हटले, झाले! हा देशी खेळतोय.

जुन्या देशी डावात प्यादे नेहमी एकच घर चाले. किल्लेकोट नसे, त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. ऐन अडचणीत या मुलाने तीच उडी घ्यायला राजा उचलला. पंचांनी थांबवले. हात लावलेला मोहरा हलवायलाच हवा, म्हणून राजा शेजारच्या घरात गेला आणि डाव संपला.

परतताना एसटीत मी म्हणालो, "तुझी सुरुवातच चुकली."

"गुरुजी, माह्या आबाजीनं असंच शिकवलं."

तो पुन्हा पटाकडे फिरकला नाही.

निवृत्तीनंतर वाचनात आले की, १८५५ साली कलकत्त्याला बॅरिस्टर जॉन कॉक्रेन यांच्यासमोर महेशचंद्र बॅनर्जी बसले होते. दोघेही हौशी. महेशचंद्र देशी डावात मुरलेले. त्यांनी घोडा काढला, प्यादे एक घर सारले, नंतर उंट त्याच घरात. मधे वजिरापुढचे प्यादे मात्र विलायती नियमाने दोन घरे. ते हरले, पण आज त्या सुरुवातीला ग्रूनफेल्ड बचाव म्हणतात. १९२२ मध्ये ती खेळणाऱ्या व्हिएन्नाच्या खेळाडूचे ते नाव. अशा अनेक सुरुवातींना जगभर 'इंडियन' म्हणतात आणि जगज्जेतेही त्या खेळतात.

म्हणजे मुलाची सुरुवात चुकली नव्हती. चुकला तो राजा, आणि बदललेला नियम सांगायचे काम माझे होते. मी त्याच्या आबाजीच्या विद्येलाच खोटे ठरवले.

परवा नातीने एक घर प्यादे सारले. मी काही बोललो नाही. फक्त म्हटले, "किल्लेकोट विसरू नकोस हं."